पोलिसातली प्रमोशन परीक्षा निष्पक्ष कशी बनवायची: कामापासून पेपरपर्यंत आणि पेपरपासून यादीपर्यंत

प्रमोशनचा पेपर काढायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी काय होतं, तर मागच्या वेळचा पेपर कपाटातून बाहेर निघतो, त्यातले थोडे प्रश्न बदलतात, कायद्याचं पुस्तक उघडून वीसपंचवीस नवे घालतात आणि झाला पेपर तयार. मग निकाल लागला की अर्ज, कोर्टकचेऱ्या, कुजबुज, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चांगली माणसं पुढच्या वेळी फॉर्मच भरत नाहीत. मी या कामात बरीच वर्षं आहे, प्रश्न काढलेत, तोंडी परीक्षेच्या पॅनलवर बसलोय, निकालाची छाननी केलीये, आणि माझं मत आता पक्कं झालंय की पेपर नुसत्या पुस्तकातून काढला की तो पाठांतराला वेळ असलेल्या माणसाच्या बाजूने झुकतो. पेपर कामातून निघायला हवा. खाली जे सगळं लिहिलंय ते याच एका गोष्टीभोवती फिरतं.

हुद्द्यांची नावं ठिकठिकाणी वेगळी, कुठे सार्जंट, कुठे उपनिरीक्षक. मी बोलतोय ती पायरी म्हणजे जिथे स्वतः काम करणारा माणूस पहिल्यांदा दुसऱ्यांकडून काम करून घ्यायला लागतो. ही उडी मोठी असते, उत्तम शिपाई चांगला सुपरवायझर होईलच असं नसतं, आणि परीक्षेला नेमकं हेच ओळखायचं असतं.

आधी काम बघा

याला जॉब अ‍ॅनालिसिस म्हणतात आणि लोक हीच पायरी गाळतात. कारण यात वेळ जातो आणि हातात लगेच काही दिसत नाही. पण कोर्टात परीक्षा टिकते की पडते ते बऱ्याचदा इथेच ठरतं.

सध्या त्या पदावर काम करणाऱ्या लोकांसोबत दिवसाच्या आणि रात्रीच्या शिफ्टला जाऊन बसा. गस्तीवाले, तपासवाले, वाहतूकवाले, मोठं ठाणं, छोटं ठाणं, स्त्रिया-पुरुष, नुकतेच प्रमोट झालेले आणि जुने मुरलेले, सगळे त्यात यायला हवेत. त्यांच्या हाताखालच्या लोकांनाही विचारा, कारण साहेब काय करतो हे साहेबापेक्षा त्यांना जास्त दिसतं. आणि "तुमचं काम काय" असं विचारू नका, सगळे नियमावलीतलं वाक्य म्हणून दाखवतात. विचारा की गेल्या वर्षात असा कुठला प्रसंग आला जिथे सुपरवायझरने नीट हाताळल्यामुळे प्रकरण निभावलं, किंवा चुकीचं हाताळल्यामुळे चिघळलं, त्याने नक्की काय केलं आणि पुढे काय झालं. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली ही पद्धत मांडली, क्रिटिकल इन्सिडेंट म्हणतात, आणि आजही यापेक्षा चांगला मालमसाला दुसरीकडून मिळत नाही. असे पन्नाससाठ प्रसंग गोळा झाले की पुढच्या प्रश्नांचं अर्धं काम झालंच समजा.

मग कामांची यादी करा. अहवाल तपासून त्रुटी काढणं, बळाचा वापर झाला तर जागेवर पोचून जखमीला उपचार मिळवून देणं, पुरावा जपणं आणि साक्षीदार वेगळे करणं, कुणी ड्युटीवर दारू पिऊन आला तर काय करायचं, नागरिकाची तक्रार घेणं, माणसं कमी पडली की शिफ्ट लावणं, सहकाऱ्यावर भीषण प्रसंग गुदरला तर त्याला सांभाळणं. प्रत्येक कामाला अनुभवी लोकांकडून तीन गोष्टींचे मार्क घ्या: किती वेळा करावं लागतं, चुकलं तर किती नुकसान, आणि हे पदावर बसल्या पहिल्या दिवशीच यायला हवं की नंतर ट्रेनिंगमध्ये शिकवता येतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. ड्युटी लावायचं सॉफ्टवेअर दोन दिवसांत शिकवता येतं, ते परीक्षेत विचारणं म्हणजे ज्याला आधीच कुणी ऑफिसात बसवलंय त्याला फुकटचे मार्क देणं. त्या पदावर हंगामी म्हणून कुणाला बसवायचं हे वरचे लोक ठरवतात, त्यामुळे त्यांची आवडनिवड गुपचूप परीक्षेत शिरते.

आराखडा, आणि वजनाचा घोळ

आता कुठलं कौशल्य कशाने तपासायचं ते एका तक्त्यात मांडा. कायद्याचं ज्ञान लेखी, निर्णयक्षमता प्रसंगावर आधारित प्रश्नांनी, माणसं हाताळणं समोरासमोरच्या अभिनयाच्या चाचणीने, लिहिणं प्रत्यक्ष लिहायला लावून. नेतृत्व बहुपर्यायी प्रश्नाने तपासता येत नाही. कितीही हुशारीने प्रश्न लिहा, शेवटी नेतृत्वाबद्दल पुस्तकात काय लिहिलंय तेवढंच तपासलं जातं.

वजन किती द्यायचं हे कामाच्या अभ्यासातून आलं पाहिजे, "पूर्वीपासून असंच आहे" म्हणून नाही. अमेरिकेत न्यू हेवन शहरात २००३ साली अग्निशमन दलाची प्रमोशन परीक्षा झाली, तिथे लेखीला ६० आणि तोंडीला ४० टक्के हे प्रमाण युनियनसोबतच्या करारातून आलेलं होतं. निकालात काळे आणि गोरे उमेदवार यांच्यात मोठी तफावत निघाली, शहराने खटल्याच्या भीतीने निकालच फेकून दिला, पास झालेले लोक कोर्टात गेले आणि २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असं म्हटलं की शहराने निकाल रद्द करायला नको होता. दल वेगळं असलं तरी धडा आपल्या कामाचा आहे: परीक्षेबद्दल जी काही शंका असेल ती आधी काढायची, नावं दिसल्यावर नियम बदलले की तुम्ही दोन्ही बाजूंनी अडकता.

वजनाबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगतो जी बऱ्याच समित्यांना माहीतच नसते. कागदावर लेखी ६० आणि तोंडी ४० लिहिलं म्हणून प्रत्यक्षात तेवढं वजन पडत नाही, ते मार्क किती पसरलेत यावर ठरतं. समजा लेखीत सगळे ७० ते ८० च्या आसपास दाटीवाटीने आहेत, स्टँडर्ड डेव्हिएशन (म्हणजे मार्क सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) ५, आणि तोंडीत मार्क पसरलेत, डेव्हिएशन १५. मग लेखीचा जोर ०.६ गुणिले ५ म्हणजे ३, आणि तोंडीचा ०.४ गुणिले १५ म्हणजे ६. म्हणजे तुम्ही जाहीर केलं उलट आणि यादी ठरवली तोंडीने! उपाय सोपा आहे, दोन्हीचे मार्क आधी एकाच मापावर आणा, सरासरी आणि पसारा सारखा करा, मग वजन लावा. आणि असं करणार आहात हे आधीच जाहीर करा.

प्रश्न लिहिताना

अभ्यासाची यादी निदान तीनचार महिने आधी जाहीर करा, कुठलं पुस्तक, कुठली आवृत्ती, कुठली प्रकरणं, आणि कुठल्या तारखेपर्यंतचे कायद्यातले बदल धरणार. साहित्य सगळ्यांना फुकट मिळालं पाहिजे. यादी ढीगभर मोठी केली की ज्याला ड्युटीवर वाचायला सवड आहे तो पुढे जातो आणि रस्त्यावरच्या शिफ्टवाला, घरी लहान मूल असणारा किंवा असणारी, मागे पडते. यादी छोटी ठेवा, पण त्यातलं नीट विचारा.

प्रश्न लिहायला बसलात की स्वतःला विचारा, रात्री दोन वाजता जागेवर उभं असताना ही गोष्ट डोक्यात असायला हवी का, की गाडीत बसून बघून घेतली तरी चालते? बघून चालणारी असेल तर एक तर विचारू नका किंवा पुस्तक उघडून सोडवायचा वेगळा भाग ठेवा. कलमाचा नंबर, परिच्छेदाचा क्रमांक, फॉर्मचं नाव, असले प्रश्न लिहायला सोपे आणि वाद होत नाहीत म्हणून पेपरात भरतात, पण त्यातून सुपरवायझर सापडत नाही.

वाईट प्रश्न असा असतो: "बळाच्या वापराचा अहवाल किती क्रमांकाच्या परिच्छेदात सांगितला आहे?" त्याच विषयावरचा बरा प्रश्न असा: तुमचा कर्मचारी सांगतो की अटक करताना झटापट झाली, समोरच्याला काही लागलेलं नाही म्हणून मी अहवाल केला नाही. तो माणूस म्हणतोय की खांदा दुखतोय. तुम्ही सगळ्यात आधी काय कराल? पर्याय: कर्मचाऱ्याला लगेच अहवाल लिहायला बसवाल, त्या माणसाची वैद्यकीय तपासणी करवून घ्याल, दोघांना समोरासमोर बसवून काय झालं ते विचाराल, वरिष्ठांना कळवून त्यांच्या सूचनेची वाट बघाल. चारही गोष्टी कुणी ना कुणी खरंच करतो, त्यामुळे पर्याय पोकळ वाटत नाहीत, आणि उत्तर द्यायला क्रम समजावा लागतो. चार पर्याय जमत नसतील तर तीन ठेवा, चौथा ओढूनताणून घातलेला पर्याय कुणी निवडतच नाही. "वरीलपैकी सर्व" आणि "खालीलपैकी कोणते चूक नाही" असले प्रकार टाळा.

प्रसंगाच्या प्रश्नांचं उत्तर एकट्याने ठरवू नका. आठदहा अनुभवी लोकांना एकमेकांशी न बोलता सोडवायला द्या, ज्यावर त्यांचंच एकमत होत नाही तो प्रश्न बाद करा, कितीही आवडता असला तरी. भाषा कामावर जी वाचावी लागते तेवढीच अवघड असावी, लांबलचक वाक्यांनी वाचनाचा वेग तपासला जातो, निर्णय नाही. तपासणाऱ्यांपैकी काही जण बाहेरच्या दलातले घ्या आणि ज्यांचा नातेवाईक किंवा जवळचा माणूस परीक्षेला बसणार आहे त्यांनी तसं लेखी सांगून बाजूला व्हायचं. दुसरा पूर्ण पेपर तयार ठेवा, फुटला तर परीक्षा सहा महिने लांबत नाही.

नवे प्रश्न आधी तपासायचे तर नुकत्याच प्रमोट झालेल्या आणि या परीक्षेशी संबंध नसलेल्या लोकांना सोडवायला द्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्जंटच्या कायद्याच्या पेपरात १५० पैकी १० प्रश्नांचे मार्क न धरता ते फक्त चाचणीसाठी घालायची पद्धत वापरलेली आहे, तीही चांगली. तिथलं मला आणखी एक पटतं, ते म्हणजे लेखी पास झालं की लगेच पद पक्कं व्हायचं नाही, निवड झाल्यावर वर्षभर त्या हुद्द्यावर तात्पुरतं काम करून कामावरच मूल्यमापन व्हायचं.

पासचे मार्क कुठे ठेवायचे

७० टक्के, ठरलेलं, का तर आकडा बरा वाटतो. पण पेपर अवघड निघाला तर ७० मध्ये चांगली माणसं पडतात आणि सोपा निघाला तर कुणीही निघून जातं. अँगॉफ पद्धत वापरा, १९७१ पासून चालत आलीये. आठदहा अनुभवी सुपरवायझर बसवा, आधी सगळ्यांनी मिळून ठरवायचं की "जेमतेम लायक" उमेदवार कसा असतो, त्याला काय येतं आणि काय जमत नाही. मग प्रत्येक प्रश्न घेऊन प्रत्येकाने सांगायचं की असे १०० जण असतील तर किती जण हे बरोबर सोडवतील. एकाने ७० म्हटलं, दुसऱ्याने ५०, चर्चा करा, पुन्हा आकडे घ्या, सरासरी काढा. सगळ्या प्रश्नांच्या सरासरींची बेरीज भागिले १०० म्हणजे पासची रेषा. ८० प्रश्नांचं उत्तर ५२ आलं तर पास व्हायला ५२ मार्क. हे सगळं निकालाआधी करून सही करून ठेवा. रेषा निकाल बघून ठरवली असा नुसता संशय आला तरी सगळं पाण्यात.

तोंडी आणि प्रात्यक्षिक

इथे सगळ्यात जास्त अन्याय होतो आणि सगळ्यात जास्त खरं कळतं ते पण इथेच. मोकळ्या गप्पांची मुलाखत बंद करा. "स्वतःबद्दल सांगा" ने सुरू झालेली मुलाखत बोलघेवड्याला आणि ओळखीच्याला फायदा देते.

त्याऐवजी तीन किंवा चार व्यायाम, म्हणजे कामातला प्रसंग उभा करून घेतलेल्या चाचण्या, ठेवा. एक टपालाचा, म्हणजे टेबलावर पंधरावीस कागद: तक्रार, रजेचा अर्ज, अपुरा अहवाल, वरून आलेलं तातडीचं पत्र, त्यातच कुठेतरी एका कर्मचाऱ्याची चिठ्ठी जिच्यावरून तो मानसिकदृष्ट्या खचलाय असं दिसतंय, आणि तासाभरात काय आधी, काय नंतर, कुणाला काय सांगायचं हे लिहायचं. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकन हवाई दलाच्या अधिकाऱ्यांसाठी बनवली गेली. दुसरा, हाताखालच्या माणसाशी बोलणं, तो माणूस म्हणजे शिकवलेला नट, सगळ्यांसमोर सारखाच वागणारा. तिसरा, चालू घटनेचा, माहिती टप्प्याटप्प्याने देत जायची आणि निर्णय विचारत जायचा.

मार्क देण्यासाठी वागणुकीची पट्टी बनवा. "आत्मविश्वास: ५ पैकी" असं लिहू नका. असं लिहा: ५ म्हणजे कर्मचाऱ्याचं म्हणणं पूर्ण ऐकलं, नेमकी चूक उदाहरणाने सांगितली, सुधारायची तारीख ठरवली आणि मदत देऊ केली, ३ म्हणजे चूक सांगितली पण पुढचं ठरवलं नाही, १ म्हणजे धमकावलं किंवा विषयच टाळला. पॅनलमध्ये निदान तीन जण, वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे, शक्यतो बाहेरच्या दलातले. त्यांना एक अख्खा दिवस ट्रेनिंग द्या, रेकॉर्ड केलेले नमुने दाखवा, प्रत्येकाने मार्क द्यायचे आणि फरक का पडला ते बोलायचं, जोपर्यंत जवळपास सारखं होत नाही तोपर्यंत. खऱ्या परीक्षेत आधी प्रत्येकाने स्वतंत्र मार्क लिहायचे, मग चर्चा. आधी चर्चा झाली की ज्येष्ठाचा आकडा सगळ्यांचा होतो, मी हे स्वतः बसून बघितलंय, पॅनलमधल्या मोठ्या साहेबांनी मान हलवली आणि दोघांची पेनं ४ वरून ५ वर गेली.

प्रत्येक व्यायामाला वेगळं पॅनल ठेवा, म्हणजे एकाच माणसाचं मत सगळीकडे पसरत नाही. उमेदवार नंबराने ओळखायचे. परीक्षा अनेक दिवस चालणार असेल तर पहिल्या दिवशीचे प्रश्न दुसऱ्या दिवशी बाहेर असतात हे गृहीत धरा, गुप्ततेच्या सहीवर विसंबू नका, समान अवघडपणाचे दोनतीन संच बनवा किंवा सगळ्यांना एकाच दिवशी वेगवेगळ्या खोल्यांत घ्या.

सीनियॉरिटीचे मार्क द्यायचे असतील तर थोडे आणि ठराविक वर्षांनंतर थांबणारे. वार्षिक अहवालाचे मार्क मात्र मला योग्य वाटत नाहीत, कारण एक साहेब सगळ्यांना उत्कृष्ट देतो, दुसरा कुणालाच देत नाही.

परीक्षेचा दिवस

रात्रपाळी करून कुणी थेट पेपरला येऊ नये, आदल्या रात्रीची ड्युटी सगळ्यांचीच काढा. बाळंतपण, जखम, कोर्टातली साक्ष यासाठी पर्यायी तारीख आधीच ठरवा. वाचायला त्रास असणाऱ्यांना जास्त वेळ हवा असेल तर त्याचा नियम लेखी असू द्या, ऐनवेळी कुणाच्या मर्जीवर नको.

निकाल लावायच्या आधी

पेपर तपासला की थेट यादी लावू नका. आधी प्रत्येक प्रश्न बघा: किती टक्के लोकांना आला, आणि एकूण पेपरात वरचे मार्क मिळवणाऱ्यांना तो जास्त आला की खालच्यांना. हुशार लोकांनी चुकवलेला आणि कच्च्या लोकांनी बरोबर केलेला प्रश्न असेल तर नव्वद टक्के वेळा उत्तरतालिकाच चुकलेली असते किंवा दोन उत्तरं बरोबर असतात. मग उमेदवारांना आठदहा दिवस हरकत घ्यायला द्या, उत्तरतालिका आणि संदर्भासकट, आणि हरकती ज्यांनी प्रश्न काढले त्यांनी तपासायच्या नाहीत. प्रश्न रद्द झाला किंवा उत्तर बदललं तर फरक सगळ्यांना लागू, फक्त अर्ज करणाऱ्याला नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग, क्रमवारी. समजा मार्कांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ८ आणि पेपरची विश्वासार्हता (म्हणजे पुन्हा परीक्षा घेतली तर मार्क कितपत तसेच येतील, ० ते १ मध्ये) ०.८४ आहे. मग मापनातली चूक, म्हणजे स्टँडर्ड एरर, ८ गुणिले ०.१६ चं वर्गमूळ, म्हणजे ३.२. दोन उमेदवारांमधला फरक खरा आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणायला जवळपास ९ मार्कांचं अंतर लागतं. आणि आपण ८१.२ वाल्याला पद देतो आणि ८०.९ वाल्याला दोन वर्षं थांबवतो! म्हणून काही ठिकाणी पट्टे करतात, इतक्या मार्कांच्या आतले सगळे समान धरायचे. ब्रिजपोर्ट शहरातल्या पोलिस सार्जंटच्या परीक्षेसाठी अशी पट्ट्यांची पद्धत अमेरिकेच्या अपील कोर्टाने १९९१ मध्ये मान्य केली. पण पट्ट्याच्या आत निवड कशी करायची हे लिहिलेलं नसेल तर पट्टा म्हणजे मर्जीला मोकळं रान, त्यामुळे आतले निकष, त्यांचा क्रम, सगळं परीक्षेआधी छापून द्या.

मग गटवार निकाल बघा. अमेरिकेत १९७८ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये चारपंचमांशचा नियम आहे: एका गटाचं निवडीचं प्रमाण सगळ्यात यशस्वी गटाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर थांबून बघा. १०० पुरुषांपैकी ४० निवडले गेले आणि २० स्त्रियांपैकी ६, म्हणजे ४० आणि ३० टक्के, गुणोत्तर ०.७५, धोक्याची खूण. पण एकच बाई आणखी निवडली गेली असती तर ०.८७५ झालं असतं, त्यामुळे लहान आकड्यांवर उड्या मारू नका, दोनतीन परीक्षांचा निकाल एकत्र करून बघा. आणि प्रत्येक टप्प्यावर बघा, शेवटची यादी समतोल दिसते म्हणून लेखीतली गळती झाकली जात नाही, तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये हेच सांगितलं.

तफावत दिसली म्हणजे परीक्षा वाईटच असं नाही. बोस्टनच्या सार्जंट परीक्षेत तफावत सिद्ध झाली, तरी २०१६ मध्ये अपील कोर्टाने परीक्षा टिकवली, कारण ती कामाशी जोडलेली आहे हे कोर्टाला पटलं आणि तितकाच उपयोगी पण कमी तफावतीचा पर्याय समोर आला नव्हता. पण तो पर्याय आहे का हे शोधायची जबाबदारी परीक्षा घेणाऱ्यांनीच मनापासून घ्यावी, कोर्टात कुणी दाखवेपर्यंत थांबू नये. मार्क मागून वाढवणं किंवा गटाप्रमाणे रेषा बदलणं हा तो पर्याय नव्हे. प्रात्यक्षिकाचं वजन वाढवणं, पाठांतराचे प्रश्न कमी करणं, अभ्यासाचं साहित्य आधी देणं, असं करून बघा.

निकालानंतर

प्रत्येकाला विभागवार मार्क द्या, प्रात्यक्षिकात पॅनलने काय नोंदवलं ते पण द्या. नापास झालेल्याला "तुमचा क्रमांक ४३" एवढंच कळलं तर तो पुढच्या वेळी काय सुधारणार? यादी किती दिवस चालेल हे पण आधी सांगा, एक किंवा दोन वर्षं, मध्येच वाढवणं नको.

प्रमोट झालेल्यांचं वर्षभराने काम बघा, त्यांच्या वरिष्ठांना आणि हाताखालच्यांना परीक्षेचे मार्क न दाखवता विचारा, मग मार्कांशी ताडून बघा की कुठल्या भागातले मार्क खऱ्या कामाशी जुळले. फक्त वरचेच लोक निवडलेले असल्यामुळे संबंध खऱ्यापेक्षा कमी दिसतो हे लक्षात ठेवा आणि त्या घाईत चांगला भाग काढून टाकू नका. कामाची यादी, कुणी काय मार्क दिले, अँगॉफचे आकडे, रद्द झालेले प्रश्न आणि का रद्द झाले, हे सगळं एका फाईलमध्ये तारखांसकट ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कपाट उघडणाऱ्याच्या हातात नुसता जुना पेपर येणार नाही.